पडदे काढलेली गिटार

अप्पा कारखान्यातून घरी आले की आधी त्यांचा वास यायचा आणि मग ते. शिरोलीला फौंड्रीत कामाला असणाऱ्या बाकीच्या माणसांच्या अंगाला काजळीचा आणि जळक्या मातीचा वास असायचा, अप्पांच्या अंगाला सागवानाचा. ते पॅटर्न शॉपला होते. लोखंडाचा जो भाग ओतायचा तो आधी हुबेहूब लाकडात करायचा, तो लाकडी पॅटर्न मातीत दाबून ठसा घ्यायचा आणि त्या ठशात तापलेला रस ओतायचा, असं ते काम. गल्लीतले लोक त्यांना सरळ सुतार समजत आणि अप्पांना त्याचा मनस्वी राग येई. कुणी खिडकी दुरुस्त करायला बोलावलं तर ते जात, खिडकी करून देत आणि घरी येऊन तासभर धुसफुसत. अव्वा, म्हणजे माझी आई, त्यांना उंबऱ्याच्या बाहेरच उभं करून शर्ट झटकायला लावायची. खिशांतून, बाह्यांच्या घड्यांतून, कानामागच्या पेन्सिलीवरून भुसा पडायचा, आणि तो पडायचा थांबला की ती म्हणायची, "साकु, या आता आत." साकु म्हणजे पुरे. अव्वाचं माहेर निपाणीच्या पलीकडचं. ती मराठीत भांडण सुरू करायची आणि कन्नडमध्ये संपवायची, त्यामुळे शेवटचा शब्द नेहमी तिचाच व्हायचा.

शिवाजी पेठेतलं आमचं घर म्हणजे आत दोन खोल्या आणि पुढं रस्त्याला लागून लांबट सोपा. या सोप्यात बसलं की सगळी पेठ कानात यायची. पहाटे म्हशींच्या गळ्यातल्या घंटा, मग तालमीतल्या पोरांच्या जोर-बैठकांचे हुंकार, मग दूधवाल्याची आणि अव्वाची रोजची हुज्जत. आमच्या तालमीच्या टीमनं फुटबॉलची मॅच जिंकली की हलगी, आणि हरली तर त्याहून मोठ्यानं झालेली चर्चा. आमच्याकडं माणसं हळू बोलतच नाहीत. समोर बसलेल्या माणसाशीही पंचगंगेच्या पलीकडच्या काठावर उभं असल्यासारखं बोलतात. या सगळ्या गलक्यात मी रोज पहाटे सोप्यात बसून गायची. गाण्याच्या बाईंकडं लहानपणापासून शिकत होते, आणि मी बरी गायची हे आता या वयात सांगायला हरकत नाही. बरी म्हणजे चांगलीच गायची. शेजारच्या घरातल्या काकू माझा यमन सुरू झाला की चहाचं आधण ठेवत आणि संपला की म्हणत, "नंदे, आज लवकर आटपलंस की गं."

कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना माझ्या गळ्यात गाठ आली. ऑपरेशन करावं लागलं. गाठ साधी निघाली, घरात सगळ्यांनी देवाचे आभार मानले, अव्वानं हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, केली. पण पट्टी सुटल्यावर मी पहिल्यांदा सा लावायला गेले तर नळाला पाणी यायच्या आधी जी हवा येते तसा आवाज आला. वाटलं, होईल हळूहळू. डॉक्टर म्हणाले, बोलण्यापुरता सुधारेल, गाण्याचं मात्र मनातून काढून टाका. ते वाईट मनानं बोलले नाहीत, पण मी त्यांना कितीतरी वर्षं माफ केलं नव्हतं. घरात माझ्याशी सगळे अचानक मऊ बोलायला लागले, आणि पेठेतलं माणूस मऊ बोलायला लागलं की समजावं, काहीतरी फार वाईट झालेलं आहे.

बाई घरी आल्या. अव्वानं त्यांना वाटीभर हुग्गी दिली, ती त्यांनी शांतपणे संपवली, मग मला म्हणाल्या, "लाव सा." मी लावला. त्यांनी डोळे मिटून घेतले. मी जे काही ओढून ताणून काढत होते ते सगळं ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "घसा गेला गं नंदा. पण कुठं चुकतंय ते गाताना तुझ्या तोंडावर दिसतं मला. म्हणजे कान शाबूत आहे. कान असला की वाद्य वाजवता येतं. काहीतरी हातात घे." एवढंच बोलल्या आणि गेल्या. त्यानंतर जे काही महिने गेले त्यात मी या एका वाक्याला धरून होते. आवाज नाही, पण कान आहे. कान आहे म्हणजे गाणं आहे. माझ्याकडं दुसरं काही उरलेलंच नव्हतं.

आता सूरपेटी सोडली तर घरात वाद्य होतं ते एकच, कपाटावर धूळ खात पडलेली बसूची गिटार. बसू माझा थोरला भाऊ. गणपतीत दोस्तांच्या ऑर्केस्ट्रात सिनेमाची गाणी वाजवायचा, केस वाढवायचा, आणि मग हुबळीला नोकरी लागल्यावर केस आणि गिटार दोन्ही मागं टाकून गेला. नायलॉनच्या तारांची, रुंद मानेची, जुनी क्लासिकल गिटार होती ती. पोटाजवळ एक टवका उडालेला. दिवाळीला बसू आला तेव्हा मी त्याला विचारलं, तर म्हणाला, "घे की. मला काय करायचीया? हुबळीत साईडचा रूमवाला शिंकलो तरी भिंत वाजवतोय." मी ती घेतली आणि त्याच आठवड्यात रडकुंडीला आले. गिटारीच्या मानेवर धातूचे पडदे ठोकलेले असतात. बोट कुठंही ठेवा, सूर निघणार तो पडद्याचाच. गंधारावरून पंचमावर घसरत जायचं, मधली सगळी जागा कानाला दाखवत जायचं, ते तिथं होत नाही. मला उतारावरून चालायचं होतं आणि बोटांखाली जिना होता. सतारीला तार ओढून मींड काढतात तसं करून पाहिलं, तर नायलॉनची तार ताणून ताणून बोटांना फोड आले आणि सूर होता तिथंच.

अप्पांना गाण्यातलं काही कळत नव्हतं. मी गायची तेव्हा ते फक्त "पोटात हवा लई हाय पोरीच्या" एवढंच कौतुक करायचे. एका रविवारी ते सोप्यात दाढी करत बसले होते आणि मी वैतागून गिटार खाली ठेवली.

"का गं? काय झालं?"

"हे पडदे मधे येतात अप्पा. सूर घसरवता येत नाही."

"मग काढून टाकायचं."

"काढता येतात?"

"माणसानं ठोकलेलं हाय नव्हं? मग माणसाला काढता येतं." त्यांनी अर्ध्या गालाला फेस तसाच ठेवून गिटार मांडीवर घेतली आणि मानेवरून अंगठा फिरवला. "पर मग बोट कुठं ठेवायचं ते कसं कळंल तुला?"

"सरोदला पडदे नसतातच. कानानं कळतं."

"कानानं," अप्पा म्हणाले. मापाशिवाय काही होऊ शकतं यावर त्यांचा जन्मात विश्वास नव्हता.

पुढचे दोन-तीन रविवार आमचा सोपा म्हणजे फौंड्रीची शाखा झाला. अप्पांनी तारा उतरवल्या, विस्तवात खिळा तापवून एकेका पडद्यावर धरला, आतला सरस मऊ झाला की पक्कडीनं हळूच उचलला. पहिले काही सुरेख निघाले. नंतरच्या पडद्यांबरोबर लाकडाच्या कपच्या यायला लागल्या, वाळून ठिसूळ झालेलं लाकूड होतं ते. अव्वा भाकरी थापता थापता दारात येऊन बघायची. "पोरानं चांगली दिलती, तुमी मोडून ठेवली. आता त्यो आला की काय दावणार? लाकडं?" अप्पा पक्कड पुढच्या पडद्याला लावत. येणारा-जाणारा थांबून सल्ला देई. एक दूधवाला पावणा तर सायकल टेकवून पार आत आला आणि म्हणाला, "बेंजो करालाय व्हय?" सगळे पडदे निघाल्यावर मानेचा पृष्ठभाग उंदरानं कुरतडल्यासारखा झाला होता. अप्पांनी तो बघितला, जीभ टाळ्याला लावून च्च केलं आणि जाहीर केलं, की ही वरची फळी पुरी काढून नवी शिसवी फळी बसवणार, आणि पडदे जिथं होते तिथं नुसत्या बारीक पांढऱ्या रेघा आखून देणार. उंचवटा नाही, नुसती खूण. बोट हवं तिथं घसरेल, पण डोळ्याला घर सापडेल.

मला ती कल्पना इतकी आवडली की मी त्यांच्या पाठीला मिठी मारली. अप्पांनी पडदे काढायच्या आधीच घरातल्या पट्टीनं प्रत्येकाचं अंतर मोजून कागदावर आकृती काढून ठेवलेली होती, डाव्या टोकापासून प्रत्येक पडद्यापर्यंत. ती घेऊन ते कामावर गेले. जेवणाच्या सुट्टीत, डबा एका हातानं खात, त्यांनी आपल्या बाकावर शिसवाची फळी घडवली, रेघा आखल्या, धारदार सुरीनं कोरल्या, त्यात शंखजिऱ्याची भुकटी आणि सरस भरला. फळी घरी आणली तेव्हा मी नुसती बघत राहिले. काळीभोर, पाण्यासारखी गुळगुळीत, आणि त्यावर केसासारख्या रेघा. आजकाल माझी भाची मला मोबाईलवर परदेशातल्या असल्या गिटारी दाखवते. छान असतात. पण अप्पांच्या हातची सफाई मला कुठं दिसली नाही, आणि यात माझा पक्षपात आहे हे मला मान्य आहे.

फळी चिकटवली, दोन दिवस दाबून ठेवली, तारा चढवल्या. मी सूरपेटीवर सा धरायला अव्वाला बसवलं आणि यमन सुरू केला. खाली, टोकाजवळ, काय गोड वाजलं! गंधारापर्यंत मी हवेत होते. बोट घसरत होतं, मधल्या जागा बोलत होत्या, ऑपरेशननंतर पहिल्यांदा माझ्यातून गाणं बाहेर येत होतं. पंचमावर आले तेव्हा काहीतरी खटकलं. वरच्या सा वर आले, रेघेवर बरोबर बोट ठेवलं आणि सूरपेटीच्या सा शी तो सा भांडायला लागला. चढा. थोडासाच, पण चढा. मी पुन्हा वाजवलं. डोळे फाडून रेघ बघितली, बोट अगदी तिच्यावर होतं. पुन्हा चढा. अव्वाला विचारलं तर ती म्हणाली, "मला बरं लागालंय बाई." अप्पा तर खूश होऊन मान डोलावत होते.

त्या आठवड्यात मी जे भोगलं ते ऑपरेशनच्या वेळीही भोगलं नव्हतं. कारण हिशोब सरळ होता. रेघा अप्पांनी आखलेल्या होत्या. अप्पांचं माप चुकत नाही, हे आमच्या घरात सूर्य उगवण्याइतकं पक्कं होतं. त्यांच्या हातचा पॅटर्न कधी परत आलेला नव्हता. मग चुकत होतं कोण? मीच. रेघ बरोबर आणि मला ती चढी ऐकू येते, म्हणजे घशाबरोबर कानही बिघडला. बाईंना तो शाबूत वाटला असेल, पण त्यांनी तो वाद्यावर कुठं पाहिला होता? मी रेघेवर वाजवायची तर मला बेसूर वाटे, आणि मला सुरात वाटे तिथं बोट ठेवलं तर ते रेघेच्या अलीकडं पडे. चार-पाच दिवसांनी मी गिटार कापडात गुंडाळून पुन्हा कपाटावर ठेवली. बाईंकडं जायचं टाळलं. कुणाला काही बोलले नाही. कान गेला हे बोलून दाखवलं की ते खरंच होईल अशी भीती होती. शेजारच्या काकूंकडचा रेडिओ लागला की मी मागच्या खोलीत जाऊन बसायची आणि मनात म्हणायची, हे गाणंही मला बरोबर ऐकू येत असेल कशावरून?

रविवारी सकाळी अप्पा सोप्यात बसले होते. अव्वाच्या चुलीवरून भाकरी आणि खरड्याचा ठसका येत होता. अप्पांनी विचारलं, "दोन-तीन दिस झालं, वाजवना झालीस. आवडली न्हाय व्हय गं?"

मी म्हणाले, "आवडली." आणि मला रडूच फुटलं. गिटार चांगली आहे, माझाच कान गेलाय, असं मी कसंबसं सांगितलं. माझा तो फाटका आवाज आणि वर रडणं, अप्पांना निम्मं कळलंच नसणार. आतून अव्वा पिठाच्या हातानं तशीच बाहेर आली.

"कान गेला म्हंजे? मी बोललेलं ऐकू येतंय नव्हं?" अप्पांनी विचारलं.

"ते नाही हो अप्पा. वरचा सा चढा लागतो. रेघेवर बोट ठेवलं तरी."

"रेघंवर ठेवलं तरी," अप्पा सावकाश म्हणाले. "ह्यो वरचा सा कुठं असतो, त्येचा काय नेम हाय का?"

नेम होता. बाईंनी तानपुऱ्यावर दाखवलेला होता. तारेच्या बरोबर निम्म्यावर वरचा सा असतो. मी तसं सांगितलं. अप्पा उठले, कपाटावरून गिटार काढली, अव्वाच्या शिवणाच्या डब्यातून दोरा घेतला. तारेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरा ताणला, तेवढाच तोडला, त्याची निम्म्यात घडी घातली आणि घडी घातलेला दोरा टोकापासून मानेवर धरला. दोरा रेघेच्या अलीकडंच संपला. भाताच्या शिताएवढी जागा मधे उरली.

अप्पांनी पुन्हा दोरा ताणला. पुन्हा घडी घातली. तेवढंच शीत. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होते. तो आधी लाल झाला, मग पांढरा पडला, आणि मग त्यांनी कपाळावर जोरात हात मारला.

"अगं आई गं! पट्टी!"

"कुठली पट्टी?" अव्वानं विचारलं.

"शॉपमधली! अगं लोखंडाचं बीड ओतलं की थंड होताना आकसतंय. म्हणून आमचा पॅटर्न जरा मोठा करायचा असतोय. परत्येक येळी कोण हिशोब करत बसणार? म्हणून आमची पट्टीच वाढीव असती. तिच्यावरचं शंभर खऱ्या शंभरापेक्षा मोठं. कागद बघायचा आणि त्या पट्टीनं आखायचं, जन्मभर ह्येच केलंय मी. हात आपोआप तीच पट्टी उचलतोय." त्यांनी गिटारीकडं बघितलं. "लाकडाची गिटार मी आकसणार म्हणून धरून केली की!"

अव्वा आधी हसली. मग मी. अप्पा हसले नाहीत. ते माझ्याकडं बघत होते. मग म्हणाले, "नंदे, म्हंजे तुला एवढं शीतभर चुकलेलं ऐकू आलं?"

आयुष्यात कुणाच्या चुकीचा मला इतका आनंद झालेला नाही. मी अप्पांना धरून हमसून रडले, आणि अव्वाला वाटलं मला पुन्हा काहीतरी झालं, म्हणून ती पाणी आणायला धावली. कान होता. आठ दिवस मी ज्याची तिरडी बांधत होते तो कान जागेवर होता, आणि तो एकटा, पॅटर्न शॉपच्या पट्टीच्या विरुद्ध, माझ्यासुद्धा विरुद्ध, खरं सांगत होता.

अप्पांना भाकरी गोड लागली नाही. जेवून हात धुतले आणि लगेच पॉलिश पेपर घेऊन बसले. त्या केसासारख्या रेघा, ज्या कोरायला त्यांनी आठवडाभर जेवणाची सुट्टी घालवली होती, घासून घासून काढून टाकल्या. मला वाईट वाटलं, मी म्हणालेही, असू देत. पण ते म्हणाले, "चुकीचं काम घरात ठेवायचं न्हाय." शिसवाची धूळ त्यांच्या धोतरावर पसरली, फळी हळूहळू कोरी काळी झाली, मधेच अव्वा चहा ठेवून गेली तो तसाच निवला. उन्हं कलली तेव्हा तारा परत चढल्या. अप्पांनी घरातली साधी पट्टी घेतली, जुनी आकृती समोर ठेवली, कानामागची पेन्सिल काढली, आणि मग बसूनच राहिले.

मी म्हटलं, "काय झालं?"

त्यांनी आकृतीचा कागद उलटा करून ठेवला. पट्टी बाजूला सरकवली. "तू वाजीव," ते म्हणाले. "तू सांगशील तितं मी खूण करतो. मानेच्या कडंला, बारकी."

मला धीर होईना. तासन् तास मोजून काम करणारा माणूस पेन्सिल धरून माझ्या तोंडाकडं बघत होता. अव्वा न सांगता सूरपेटीपाशी येऊन बसली आणि भाता हलवायला लागली. मी डोळे मिटले. बोट तारेवरून वर सरकवत नेलं, पंचमाच्या पलीकडं, धैवत, निषाद, आणि सूर भरत आला तसं हळू केलं.

"हितं?"

"थोडं पुढं."

"हितं?"

"गेलं. जरा मागं."

सूरपेटीचा सा आणि माझ्या तारेचा सा एकमेकांत मिसळले आणि दोन आवाजांचा एक झाला. अप्पांची पेन्सिल माझ्या बोटाशेजारी येऊन थांबली.

"पक्कं?" त्यांनी विचारलं.

"पक्कं," मी म्हणाले. आवाज फाटकाच होता, पण शब्द स्वच्छ आला. अप्पांनी खूण केली आणि म्हणाले, "पुढचा सांग."